मिस बिन्स काय म्हणाली

स्टेट स्ट्रीट, शिकागो
२ एप्रिल १९२२

प्रिय फ्रोनी मावशीला तिच्या वाया गेलेल्या भाचीचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. जेवते. रविवारी चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते, पण जाते. तू पाठवलेल्या शेंगा मिळाल्या, मिठाच्या पाण्यात उकडल्या आणि एका बैठकीत संपवल्या. घरमालकीण विचारत होती वास कसला. मी म्हटलं आर्कान्साचा. तुझे गुडघे कसे आहेत? इस्त्रीचं काम थोडं कमी कर. गोऱ्यांचे शर्ट चुरगळलेले राहिले म्हणून काही आभाळ कोसळत नाही.

केसांच्या दुकानातली नोकरी सुटली. माझी काही चूक नव्हती. म्हणजे थोडी होती. मी दारावर पाटी लावली, 'आज देवाच्या कृपेनं सगळं फुकट.' तासाभरात कोपऱ्यापर्यंत रांग. इथल्या पाद्रीबाबांची बायको सगळ्यात पुढे. मालकीणबाई केस सरळ करायची तापलेली फणी घेऊन माझ्यामागे दोन गल्ल्या धावल्या. आता नवीन काम धरलंय. वस्तू धरून ठेवायचं काम आहे. जास्त विचारू नकोस.

आता तुला एका बाईची गोष्ट सांगते. घाबरू नकोस, तुझी अट माझ्या लक्षात आहे. सहा वर्षांपूर्वी तुझ्या घरातनं जी निघून गेली तिचं नाव पत्रात आलं, की पत्र चुलीत. तिची स्वतःची पत्रं तू न उघडता परत धाडतेस, माझी तेवढी वाचतेस, हे मला कळत नाही का? म्हणून ही बाई वेगळीच आहे. मिस क्लारा बिन्स. तुझा आणि तिचा काडीचा संबंध नाही.

तर ही मिस बिन्स इथं हॉटेलात चादरी धुवायची. तिथंच कुणीतरी मिस्टर पुलियमना सांगितलं, की एक बाई आहे, तोंड न उघडता भांडते. मिस्टर पुलियम म्हणजे आपल्यातला माणूस, सिनेमे काढतो. गोष्ट तो लिहिणार, नटांना तो ओरडणार, फिल्मचे डबे खांद्याला लावून गावोगाव तोच हिंडणार आणि दारात उभा राहून तिकिटंही तोच फाडणार. गोऱ्यांच्या सिनेमात आपली माणसं म्हणजे तोंडाला काजळी फासलेले गोरेच असतात. याच्या सिनेमात वकील आपला, डॉक्टर आपला, चोरसुद्धा आपलाच. मला तर चोराचाच अभिमान वाटला.

पहिल्या दिवशी त्यानं मिस बिन्सला मयताच्या प्रसंगात रडायला उभं केलं. प्रसंग घेतला मिस्टर फॉसेटच्या अंगणात. फॉसेट आपल्या भागातल्या मयतांची सगळी व्यवस्था बघतो, शवपेट्या खऱ्या, फुलं खरी, म्हणून खर्च नाही. मिस बिन्स एका रिकाम्या पेटीकडे बघत उभी राहिली. रडली नाही. नुसता हात पेटीवर ठेवला आणि एकदा मागे वळून बघितलं, कुणीतरी यायचं राहिलंय अशी. फॉसेटच्या हाताखालून हजारभर मयतं गेली असतील. तो आतनं टोपी काढून बाहेर आला आणि दबक्या आवाजात विचारतो, "बाई, कोण गेलं तुमचं?"

तेव्हापासून ती पुलियमच्या प्रत्येक सिनेमात. पण मावशी, ती तुझ्या-माझ्यासारखी काळी. पुलियमला नायिका लागायची कॉफीत भरपूर दूध घातल्यासारखी उजळ, लोकांना तशीच आवडते म्हणे. म्हणून मिस बिन्स कायम स्वयंपाकीण, नाहीतर कुणाची तरी आत्या. एका सिनेमात तिला फक्त दारातनं पाव घेऊन यायचं होतं. ती आली, पाव ठेवला, टेबलावर बसलेल्या खोटारड्या वकिलाकडे एकदा बघितलं आणि गेली. थेटरात माणसं उठून उभी राहिली. इथं आपली माणसं सिनेमाला बसली तरी चर्चमध्ये बसल्यासारखीच बसतात, पडद्याला उत्तरं देतात. एक म्हातारा ओरडला, "बाई, जाऊ नका, तुम्हाला कळलंय सगळं." पुढचे दोन आठवडे लोक पुलियमला विचारत होते, ती पाववाली कोण?

आणि आता ऐक. नव्या सिनेमात ती नायिका आहे. पोस्टरवर पहिलं नाव तिचं. मी रोज त्या पोस्टरवरून वाट वाकडी करून जाते. एकदा शेजारी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं, की ही माझी बहीण. कुणी खरं मानलं नाही, माझं नाक बघून.

म्हणजे मिस बिन्स काही माझी बहीण नव्हे. उगाच सांगितलं.

तुझी,
मिंटी

*

स्टेट स्ट्रीट, शिकागो
११ जून १९२२

प्रिय फ्रोनी मावशी,

नमस्कार तर आहेच, पण आधी मला हसून घेऊ दे.

तुझं पत्र आलं. पाऊण पान कोंबड्यांचं, मग चर्चच्या नव्या खुर्च्यांचं, आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'ती मिस बिन्स पोस्टरवर हडकलेली दिसते का? तिला म्हणावं, वेळेवर जेवत जा.'

मावशी, मिस बिन्सचा आणि तुझा काडीचा संबंध नाही ना?

बरं. ती जेवते. हडकलेली नाही, पण उभी राहिली की उंच दिसते. तुझ्यासारखीच. नाव अजून लिहीत नाही मी, शब्द मोडलेला नाही. पण आता तिला 'तुझी लेक' म्हणते. चुलीत घालायचं तर शेवटपर्यंत वाचून घाल.

माझं काम काय ते सांगून टाकते. मी टेबलाखाली असते. पुलियमकडे दिवे नाहीत, म्हणून घरातले सगळे प्रसंग तो उन्हात घेतो. फॉसेटच्या अंगणात तीन भिंती उभ्या केल्यात, वर छप्पर नाही. शेजारपाजारच्यांनी दिलेलं सोफा, घड्याळ, पडदे असं सगळं मांडायचं. आणि शिकागोचा वारा तुला ठाऊक नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यात टेबलक्लॉथ उडून नायकाच्या तोंडावर. म्हणून मी टेबलाखाली बसून ते चारी बाजूंनी खाली ओढून धरते. असा माझा सिनेमात प्रवेश झाला. एकदा गंभीर प्रसंगात मी नायकाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. तो उठला आणि मागणी घालायची सोडून थेट नायिकेच्या पायाशीच पडला. पुलियम म्हणाला, वा, राहू दे, फिल्म काही स्वस्त नाही.

आता जे सांगायचंय ते असं.

नव्या सिनेमात तुझी लेक शिक्षिका झालीय. घर सोडून गेलेली, परत आलेली, घरात कुणी नाही. ती टेबलाशी बसते, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते, एवढंच. पुलियमनं तीनदा सांगितलं, की खुर्चीकडे बघायचं. मी टेबलाखाली. मला तिचे बूट दिसत होते फक्त. कॅमेऱ्याचा दांडा फिरायला लागला, आणि पुलियम कुजबुजायला लागला, खुर्चीकडे, बाई, खुर्चीकडे. बूट हलले नाहीत. एक शब्द ऐकू आला नाही. दांडा फिरतोय, फिरतोय, आणि मग तो फिरवणारा लॉन्झो नाक ओढायला लागला. लॉन्झो, जो स्वतःच्या आजोबांच्या मयताला गाजर खात होता.

नंतर त्यानं सांगितलं. ती खुर्चीकडे बघतच नव्हती. सरळ भिंगात बघत होती आणि बोलत होती. आवाज न काढता. नुसते ओठ.

मावशी, तसं ती कुणाशी बोलते हे मी तुला सांगायला हवं का? तुला तापात ऐकू यायचं बंद झालं तेव्हा ती पाळण्यात होती. घरात आवाज कुणाला करायचा म्हणून ती शिकलीच नाही. भुवईनं हाक मारायची, ओठांनी भांडायची, डोळ्यांनी जेवायला बोलवायची. इथले लोक तिला विचारतात, बाई, ही कला कुठं शिकलात? ती म्हणते, घरी. कॅलिफोर्नियाहून गोऱ्या कंपनीचा एक माणूस आला होता, चौपट पगार देत होता. मोलकरणीचं काम, आणि भूत दिसल्यावर डोळे गरागरा फिरवायचे. मी पडद्यामागे चौपट पगाराचे बूट मनातल्या मनात घालून बघत होते. ती त्याला शांतपणे म्हणाली, "साहेब, हे डोळे मी आईशी बोलायला वापरते. फिरवायला दुसरे बघा." तो टोपी घेऊन निघाला तो जिन्यात अडखळला. त्यात माझा हात नव्हता. पाय होता.

पण ज्या आईशी बोलायला वापरायचे, तिनं एप्रन तोंडावर घेतला. पंचक्रोशीला ठाऊक आहे, फ्रोनीला ऐकायचं नसलं की ती एप्रन वर घेते, संपलं. पाद्रीबाबांचं अख्खं प्रवचन तू एकदा असंच बंद केलंस. ती निघाली त्या सकाळीही तेच. ती अंगणात तुझ्यासमोर पेटी घेऊन उभी, बोलतेय, बोलतेय, आणि तू एप्रनच्या आत. बाकीच्या आयांच्या लेकी दाराबाहेरनं ओरडून तरी जातात. तुझ्या लेकीला तेवढंही नव्हतं. सहा वर्षं ती म्हणतेय, माझं बोलणं तिथंच अंगणात पडून राहिलं.

तर पुलियमनं तो तुकडा कापला. म्हणाला, ती काय बोलते ते लोक विचारतील, मग तिथं पडद्यावर तिच्या बोलण्याची अक्षरांची पाटी घालावी लागेल, आणि पाटीवर लिहू काय? बाई तर सांगत नाही. खरंच सांगत नाही. मी विचारलं, तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. तुकडा कापताना ती तिथंच उभी होती. घरी येऊन पंधरा शर्टांना इस्त्री केली. आमच्याकडे पंधरा शर्ट नाहीतच, शेजाऱ्यांचे आणले.

म्हणून मी तो कचऱ्याच्या टोपलीतनं उचलला. माझ्या रविवारच्या हॅटच्या अस्तरात घातला. उन्हात धरून एकेक चित्र बघितलं. तोंड उघडं, तोंड मिटलेलं, तोंड अर्धं. मला काही वाचता आलं नाही. मी शाळेत वाचायला कच्ची ते तुला माहीतच आहे, पण हे शाळेत शिकवतही नाहीत. हे जगात एकाच बाईला वाचता येतं.

पुलियम डबे घेऊन दक्षिणेत निघालाय. लॉन्झो मशीन चालवायला बरोबर. एक जुलैला शनिवारी संध्याकाळी तुमच्या गावात, आपल्या लोकांच्या मंडळाच्या, त्या लॉजच्या हॉलमध्ये. मी लॉन्झोला तुकडा दिलाय, तुमच्या गावापुरता तो चिकटवून दाखवणार आहे. पुलियमला ठाऊक नाही. लॉन्झोनं बदल्यात काय मागितलं ते सांगत नाही, पण मी अर्धंच दिलं. तुझ्या लेकीलाही ठाऊक नाही. तिला वाटतंय तो तुकडा कचऱ्यात गेला.

एका रात्रीपुरता तो तुकडा जिवंत असेल. तू आली नाहीस, तर तो भरल्या हॉलमध्ये बोलेल आणि कुणालाही कळणार नाही.

सिनेमा म्हणजे सैतानाचा खेळ हे तुझं मत मला पाठ आहे. मान्य. पण सैतानाला ओठ वाचता येत नाहीत, मावशी. तुला येतात.

एप्रन घरी ठेवून ये.

तुझी,
मिंटी

*

स्टेट स्ट्रीट, शिकागो
१० जुलै १९२२

प्रिय मावशी,

आज नमस्कार-चमत्कार राहू देत, नंतर एकदम करते.

लॉन्झो एका दिवसासाठी परत आला होता, मशीनचा पट्टा तुटला म्हणून. त्यानं सगळं सांगितलं. तू म्हणशील, मी तिथंच होते, मला काय सांगतेस? पण तू पडद्याकडे बघत होतीस आणि तुला मागचं ऐकू येत नाही. तेव्हा तुझ्या पाठीमागं काय झालं ते मी सांगते.

आधी हे, की तू तिकीट काढलं नाहीस. दारात पुलियमला ठणकावलंस, की हॉलमधल्या खुर्च्या आमच्या चर्चच्या आहेत, लोक त्यांवर पाय ठेवतात, मी खुर्च्यांवर नजर ठेवायला आलेय. पांढरे हातमोजे घालून भिंतीला टेकून उभी राहिलीस, बसली नाहीस. पुलियमनं लॉन्झोला विचारलं, ही कोण? लॉन्झो म्हणाला, खुर्च्यांची मालकीण. लॉन्झोला मी उगाच मूर्ख समजत होते.

सुरुवातीला हॉलमध्ये जत्रा होती. पोरं शेंगा खातायत, ती पडद्यावर आल्यावर बायका एकमेकींना कोपरानं ढोसतायत, ही तर आपल्या फ्रोनीची. आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं, की फ्रोनी भिंतीशी उभी आहे. लॉन्झो म्हणतो, सगळी डोकी आधी तुझ्याकडे वळली, मग झटकन पुढे, जोरात वारा आल्यावर मका वळतो तशी. तू खुर्च्यांकडे बघत होतीस. पडद्याकडे नाही. खुर्च्यांकडे.

मग टेबलाचा प्रसंग आला. ती बसली, तिनं मान वर केली आणि बोलायला लागली. पियानोवाल्या बाईनं बोटं उचलली, पुढं अक्षरं येतील म्हणून. अक्षरं आली नाहीत. कुणी शेंग फोडेना. आपली माणसं पडद्याला उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत, पण प्रश्नच कळला नाही तर उत्तर काय देणार? सगळा हॉल तसाच तोंड उघडं टाकून बसलेला.

आणि तू बोललीस.

तुला तुझा आवाज माहीत नाही, मावशी. तू हळू बोलतेस तेव्हा तो नदीपलीकडे जातो. तू हॉलच्या मध्यात चालत आलीस आणि पडद्याकडे बघून म्हणालीस, "दिसत होतं मला. पिठाच्या गोणीचा एप्रन तो, आरपार दिसतं त्यातनं. सगळं बघितलंय मी."

तुझ्या मागं पहिल्यांदा कोण बोललं माहितीय? पाद्रीबाबा. एका कोपऱ्यात टोपी नाकापर्यंत ओढून बसले होते, कुणी ओळखू नये म्हणून. ते म्हणाले, "सांगा तिला, सिस्टर." मग एक बाई म्हणाली, सांगा. मग अख्खा हॉल. तू सांगत होतीस आणि ते तुझ्यामागे म्हणत होते, सांगा, सांगा. तुला ऐकू आलं नाही, पण लॉन्झो म्हणतो पायाखालची फळी हलत होती, ती तरी कळली असेल.

मग तू लॉन्झोच्या मशीनपाशी जाऊन त्याला परत दाखवायला लावलंस. त्यानं दाखवलं. आणखी एकदा लावलंस. पुलियम दारातनं धावत आला, हा तुकडा इथं कसा म्हणून लॉन्झोचा गळा धरायला, आणि हॉलकडे बघून हात खाली सोडला. आता म्हणतो, तुकडा आहे तिथंच राहू दे, प्रत्येक गावात कुणीतरी उत्तर देईल. माणूस धंद्याचा आहे, पण रडला होता, लॉन्झोनं बघितलं.

आता इथलं.

मी तुझ्या लेकीला सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. या घरात काही वाईट झालं की इस्त्री, चांगलं झालं की इस्त्री, तुझंच वळण. मी तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, तुझ्याच आवाजात, खालच्या मजल्यावरनं घरमालकिणीनं काठी ठोकली. तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि विचारलं, "कुठला एप्रन म्हणाली?"

मी म्हटलं, पिठाच्या गोणीचा.

ती खाली बसली. खुर्ची नव्हती तिथं, जमिनीवरच बसली. मग हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "म्हणजे सगळं बघितलं तिनं," म्हणाली. "सहा वर्षं मला वाटतंय मी कापडाशी बोलले." मी विचारलं, काय बोलली होतीस अंगणात? आणि सिनेमात काय बोललीस? तिनं टपली मारली. मी आता विचारत नाही. तुम्ही दोघींनी मिळून मला बाहेर ठेवलंत, टेबलाखालून वर येऊ दिलं नाहीत, ठीक आहे. टेबलक्लॉथ कुणीतरी धरायलाच हवा.

शनिवारी दुपारच्या गाडीनं ती येतेय. मी पण येतेय, कारण वाटेत डब्यात तिला कुणी ओळखलं तर गर्दी आवरायला माणूस लागतो, आणि कुणी ओळखलं नाही तर ओळख करून द्यायलाही लागतो. तू मासे तळ. ती इथं सगळ्यांना सांगते की आर्कान्साबाहेर मासे कुणाला तळता येत नाहीत, लोक तिच्यावर चिडतात. फाटकाशी उभी राहा. हातमोजे घालू नकोस, तिला तुझे हात बघायचेत.

माझं लिहून झालं. खाली जागा ठेवलीय. गेली सहा वर्षं ज्या नावाला तुझ्या घरी यायला बंदी होती ते मी लिहिणार नाही, मी शब्दाची पक्की आहे. लेखणी जिचं नाव आहे तिच्याच हातात दिलीय. ती मघापासून शाईत बुडवून बसलीय, शाई सुकतेय, परत बुडवतेय. पोस्ट बंद होईल.

मिंटी

आई, हे पत्र चुलीत घालू नकोस.

इडेला